टॉवेलवरचा चिकू रंग

माझ्या नातीने घरच्यांना फसवलं, असं आमच्या नात्यागोत्यात आजही बोललं जातं. ते खरं नाही. खरं काय ते ज्या एका माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तो मी, आणि मी इतकी वर्षं ते सांगायचं टाळलं. आधी वाटलं, प्रकरण थंड होऊ दे. थंड झाल्यावर वाटलं, आता कशाला उकरायचं. लग्नकार्यात एखादी म्हातारी जवळ येऊन विचारायची, "मास्तर, तुमची ती थोरली नात, तिचं काय झालं हो पुढं?" की मी पंगतीकडे बघायला उठायचो. पंगतीत कुणाला काही कमी पडलेलं नसायचं, तरी मी उगीच वाढप्यांवर ओरडायचो.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. मी डाईंग मास्तर. चादरी-टॉवेलांसाठी सूत रंगवून देणाऱ्या एका डायहाऊसमध्ये माझी उभी हयात गेली. गिऱ्हाईक नमुन्याची चिंधी पाठवायचं. तिच्याशी आमच्या टाकीतून निघालेली सुताची लडी जुळते की नाही, हे ठरवणं माझं काम. पुढे रंग मोजायचं मशीन आलं, तरी मालक मशीनचा कागद बाजूला सारून विचारायचे, "मास्तर, तुमचा डोळा काय म्हणतो?" त्या वाक्यावर मी आयुष्य काढलं. त्याचा मला गर्व होता. पुढच्या सगळ्याची सुरुवात त्या गर्वात आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाकडून मी दोन गोष्टी घोकून घ्यायचो. ट्यूबच्या उजेडात जुळलेली शेड उन्हात फुटते, म्हणजे वेगळी दिसते, म्हणून लडी दारात नेऊन बघितल्याशिवाय पास करायची नाही. आणि रंग पक्का की कच्चा हे कळायला पांढऱ्या फडक्याचं ओलं टोक घासून बघायचं. फडकं पांढरं राहिलं तर माल खरा.

मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेत. त्याची थोरली मुलगी शिक्षण संपल्यावर सोलापुरात एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली आणि माझ्याकडे राहायला आली. माझी बायको गेल्यानंतर घर नुसतं भिंतींचं राहिलं होतं, ते पुन्हा घर झालं. भाकरी थापता दोघांनाही येत नसे. मग कडक भाकरीचा गठ्ठा आणून ठेवायचा, ती आमटी करायची, मी कांदा फोडायचो. जेवताना ती दुकानातल्या गमती सांगायची. कोण फ्रेम निवडायला येऊन आरशातच अडकलं, कोण जवळचं दिसत नसताना "मला सगळं दिसतं" म्हणून भांडलं. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "आजोबा, तुम्हीपण या एकदा. डोळे तपासून घ्या. आमच्याकडं फुकट आहे."

"मास्तरचे डोळे तपासणारा अजून जन्माला यायचाय," मी म्हणायचो.

एका रविवारी ती न्हाणीघरातून तोंड धुऊन बाहेर आली. मी पेपर वाचत होतो. वर बघितलं तर तिच्या डाव्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, चिंचोक्याएवढं पांढरं काहीतरी होतं.

"अगं, साबण राहिलाय डोळ्यावर."

ती जागच्या जागी थांबली. हात पापणीकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. बहुतेक मी बाहेर गेलोय असं तिला वाटलं होतं.

"साबण नाही आजोबा," ती म्हणाली.

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा पेपर हातातून सुटला. आमच्याकडे त्याला कोड म्हणतात आणि मुलीच्या बाबतीत तो शब्द दार लावून उच्चारतात. पण माझा खरा धक्का पुढचाच होता.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळी होऊन कितीतरी महिने झाले होते. रोज सकाळी ही पोर माझ्यासमोर बसून चहा पीत होती. दोन पिवळ्यांमधला केसाएवढा फरक ओळखणारा मी, आणि हातभर अंतरावरच्या पापणीवरचा पांढरा डाग मला दिसला नव्हता. मी चाट पडलो. मला वाटलं, म्हातारा झालो. मग वाटलं, नाही, हिनं असं काहीतरी केलंय की जे माझ्याही डोळ्याला पुरून उरलं.

तिने आतून एक चपटी डबी आणली. उघडली तर आत छोट्या छोट्या चौकोनांत नुसते तपकिरी रंग. बदामी, बिस्किटी, चिकू, कॅमल, कॉफी, राखाडीकडे झुकलेला मातकट आणि एक अगदी जळक्या गुळासारखा. मी आयुष्यात इतके शांत रंग एका ठिकाणी बघितले नव्हते. आमच्या चादरींना भडक लागतं.

"ही आयशॅडोची पॅलेट. न्यूट्रल म्हणतात हिला," ती म्हणाली आणि खिडकीत आरसा टेकवून मला दाखवायला बसली. लहान कुंचल्याने बदामी रंग सगळ्या पापणीवर हलका फिरवला. त्यावर, डोळा मिटला की जिथे घडी पडते तिथे, जरा गडद. अगदी गडद रंग केसांना लागून, तोही बाहेरच्या कोपऱ्यात टीचभर. मग कोरड्या कुंचल्याने सगळ्या कडा पुसट केल्या. पांढऱ्या जागी तिने आधी बोटाने काहीतरी चिकट लावलं होतं, त्यावर दोन रंग एकत्र करून दाबले. डाग गेला. माझ्यासमोर गेला.

"चकाकणारे दोन आहेत ह्यात, ते मी उघडतसुद्धा नाही. चमकलं की लोक बघतात."

"मग लोकांनी बघायचंच नसेल तर लावायचं कशाला?"

"बघू नये म्हणूनच तर लावते. उजव्या डोळ्यालापण तेवढंच लावावं लागतं, नाहीतर एक डोळा लग्नाला निघालेला आणि एक घरी राहिलेला."

मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, संसर्ग नाही, धोका नाही, मलम लावा, वाढेल की थांबेल ते सांगता येत नाही. बाहेर पडल्यावर तिने एकच मागणं केलं, "आईबाबांना इतक्यात सांगू नका. आई रडत बसेल आणि बाबा गुरुवार धरतील." मी हसलो आणि कबूल झालो.

त्यानंतरचे दिवस, आता लिहायला लाज वाटते, पण माझे फार आनंदाचे होते. मला पुन्हा काम मिळालं होतं. मी तिची खुर्ची उत्तरेच्या खिडकीत हलवली. एक डोळा पुरा करून मग दुसरा करू नको, दोन्ही बरोबर चढव, हे मी सांगितलं. डोळे अर्धे मिटून बघ, फरक असेल तर तेव्हा दिसतो, हेही. बिस्किटीत चिकू किती आणि मातकट किती, हे मी ठरवायचो. ती कुरकुरायची.

"हलू नको."

"आजोबा, मी काय चादर आहे?"

"चादर परवडली. चादर बोलत नाही."

तिने रोजच्या रंगांना नावं ठेवली होती. 'दुकान' म्हणजे बदामी आणि चिकू, साधं, दिवसभर टिकणारं, कारण गिऱ्हाईकाला फ्रेम घालताना तोंड अगदी जवळ येतं. 'रविवार' म्हणजे नुसता हलका हात. 'लग्न' म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यात कॉफीची जास्तीची रेघ. आणि सगळ्यांत पक्कं, दोन थरांचं, ते 'कुर्डुवाडी'. तिची आई भेटली की दोन्ही हातांत तोंड धरून बघते म्हणून.

मग तिच्या दुकानात एक मुलगा आला. मंद्रूपकडच्या एका शाळेत शिक्षक. चष्मा करायला म्हणून आला आणि चष्मा झाल्यावरही येत राहिला. बोलणं वाढलं तेव्हा तिने त्याला दुकानातल्या बेसिनपाशी नेऊन डोळा धुऊन दाखवला. त्याने निरखून बघितलं आणि म्हणाला, "एवढंच? मी म्हटलं नंबर वाढला का काय माझा." हे तिने मला हसत हसत सांगितलं. पुढे म्हणाली, "मी त्याला सांगितलं, आमच्या आजोबांनी शेड जुळवून दिलीय. डाईंग मास्तर आहेत. लई कौतुक वाटलं त्याला."

माझं मन भरून आलं. एवढं अभिमानानं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं, मालकसुद्धा नाही.

दोन्ही घरं राजी झाली. सुपारी फोडायची ठरली, ती माझ्याच घरी. माझ्या मुलाचं रेल्वे क्वार्टर लहान, आणि पाहुण्यांनाही सोलापूर सोयीचं. संध्याकाळी दिवेलागणीला बसायचं ठरलं.

त्या दिवशी सकाळी ती डबी न उघडता माझ्यापुढे येऊन बसली.

"आजोबा, आज नको लावायला. त्याला माहीत आहे. आता त्याच्या घरच्यांना आणि आईबाबांना सांगून टाकू. सुपारी फुटायच्या आधी. तुम्ही सांगितलंत तर नीट सांगाल."

"आज? पाहुण्यांसमोर? खुळी का काय तू? एकदा सुपारी फुटू दे, मग मी स्वतः सांगतो."

"नंतर सांगणं म्हणजे फसवणं झालं."

"मोठी आलीस. बस खुर्चीत."

ती बसली. कार्यक्रम संध्याकाळी बैठकीत, म्हणजे ट्यूबखाली. म्हणून खिडक्या लावून, ट्यूब लावून मी शेड जुळवली. जन्मभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणालो ते मी केलं. वर हुशारी वाटली की ज्या उजेडात माल जायचा त्याच उजेडात पास करतोय. तिने आरशात बघितलं.

"जरा तांबूस नाही वाटत?"

"मास्तर कोण, तू का मी?"

तिने आरसा खाली ठेवला.

पाहुणे दुपारीच आले. त्यांच्या गाडीवाल्याला संध्याकाळी दुसरं भाडं होतं. नेमकी लाईट गेलेली, आत भट्टी पेटल्यासारखं. माझ्या मुलाने अंगणात सतरंज्या टाकल्या. ऊन कलतं होतं आणि सरळ तोंडावर येत होतं. मी उंबऱ्यातून नातीकडे बघितलं. डोळे किलकिले केले. मला सगळं ठीक दिसलं. खरोखर ठीक दिसलं. देवाची शपथ घेत नाही, पण हे खरं आहे.

मानपान झाला. पुरुषांना टोप्या-टॉवेल दिले, पांढरेशुभ्र, आपल्याच सोलापूरचे. त्या शिक्षकाची मावशी नातीशेजारी बसली होती. बाई मनाने चांगली. नातीचा हात हातात घेऊन बसली होती.

"आगं, डोळ्यापाशी काय लागलंय तुज्या? कुंकू सांडलं जनू. एकच डोळा तांबडा दिसतोय की."

"काही नाही मावशी..."

"थांब थांब, हलू नगंस. फोटू काढायचाय अजून."

तिने नवऱ्याच्या मांडीवरचा नवा टॉवेल ओढला, टोक पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि आई लेकराचं तोंड पुसते तसं नातीची पापणी पुसली. एकदा नाही, दाबून, दोनदा.

टॉवेलच्या टोकावर चिकू रंग उतरला.

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं ते सांगतो, कारण माणूस असाही असतो हे कळू दे. माझ्या डोक्यात आलं, रंग कच्चा निघाला. बस. पुढचं काही सुचेना.  समोर नातीचा चेहरा, त्यावर ऊन, आणि पापणीवर पांढरा डाग. मी सकाळी ट्यूबखाली बघितला होता त्याहून मोठा दिसत होता.

"आगं बया," मावशी म्हणाली. टॉवेल तिच्या हातातच राहिला.

सुनेने तोंडाला पदर लावला. माझा मुलगा उभा राहिला. पाहुण्यांतली एक बाई सरकून बसली, तेवढाच सतरंजीचा आवाज झाला. मग तो शिक्षक मुलगा बोलला, शांतपणे, जणू वर्गातला गोंधळ थांबवतोय.

"मावशी, मला माहीत हाय ते. तिनं मला आधीच दाखवलंय. काय लपवलं न्हाय. आजोबांनाबी माहीत हाय. त्यांनीच तर रंग जुळवून दिलाय तिला. विचारा की त्यांना."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मला त्यांतलं एकच दिसलं, माझ्या मुलाचं. त्याने मुलगी माझ्या भरवशावर ठेवली होती. त्याच्या नजरेत अजून राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

आणि मी एक आवाज ऐकला. "मला? मला कसं माहीत असणार? आम्हालासुद्धा आत्ताच कळतंय."

तो माझा आवाज होता. मी दचकलो. बोलल्यावर दचकलो. दुसरं कोणीतरी माझ्या तोंडून बोलून गेलं असं वाटलं, पण तसं काही नसतं. तोंड माझं होतं.

शिक्षक मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच मान वळवून नातीकडे बघितलं. "तू तर म्हणाली होतीस..."

माझ्या मुलाने विचारलं, "खरं काय गं?"

आता ती सांगणार. मला ते हवंसुद्धा होतं. तिने बोट दाखवलं असतं तर मी मान खाली घातली असती आणि सगळं संपलं असतं. एका वाक्याचं काम होतं. खोलीत डबी होती, खिडकीत खुर्ची होती, डॉक्टरांकडे आम्ही बरोबर गेलो होतो.

ती माझ्याकडे बघत होती. एका पापणीवर रंग, एक उघडी.

"आजोबांना माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी याला खोटं सांगितलं."

 शिक्षकाची आई उठली, तिने साडीच्या निऱ्या झटकल्या आणि माझ्या सुनेला म्हणाली, "बाई, डागाचं काय न्हाय. डाग कुनाला नसत्यात? माज्या सासऱ्याच्या सगळ्या हातावर हुता, त्याच हातानं आमी जेवलो. पन जी घरच्या मानसांना फसवती, आन वर म्हाताऱ्या मानसाच्या नावावर खोटं खपवती, ती उद्या आमाला काय सांगंल?"

 त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी ताटातल्या न फुटलेल्या सुपारीकडे बघत बसलो.

पाहुणे गेले. सुनेचं रडणं चालू होतं. मुलगा लेकीला म्हणाला, "सामान भर, तू आमच्याबरोबर चल." ती आत बॅग भरत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि कुजबुजलो, "असं का बोललीस तू?"

तिने वर न बघता कपड्यांची घडी घातली. "बाबा तुमच्याकडं बघत होते ना आजोबा."

एवढंच. माझी भीती तिने भर अंगणात वाचली होती आणि अंगावरचा पदर द्यावा तशी स्वतःची लाज माझ्यावर पांघरली होती. मी तेव्हाही बाहेर जाऊन मुलाला सांगू शकत होतो. तो ओट्यावरच बसला होता. मी त्याला विचारलं, "चहा टाकू का?"

ती गेली. डबी खिडकीत ठेवून गेली.

कोणी म्हणेल, धक्क्यात माणूस काहीही बोलतो. मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण पुढे एक दिवस तो शिक्षक मुलगा एकटा घरी आला. चप्पल बाहेर काढून, पाया पडून, समोर बसला.

"आजोबा, हितं तुमी आन मी, दुसरं कोन न्हाय. मी कुनाला सांगणार न्हाय. मला फक्त कळू द्या, ती माज्याशी खोटं बोलली का न्हाय. तुमी म्हनाल ते खरं."

त्या दिवशी ऊन नव्हतं, पाहुणे नव्हते, माझा मुलगा नव्हता. मी पंख्याकडे बघितलं. म्हणालो, "तिनं त्या दिवशी सांगितलं ना सगळ्यांसमोर. तेच."

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "बरं." जाताना पुन्हा पाया पडला. मी आशीर्वाद दिला. काय दिला असेल तो देवाला ठाऊक. पुढे त्याचं दुसरीकडे लग्न झाल्याचं कानावर आलं.

नात पुण्याला गेली. तिथेही चष्म्याच्याच दुकानात आहे, आता दुकान सांभाळते. लग्न केलं नाही. आणि तिने रंग लावणं सोडलं. ज्या गिऱ्हाईकाला बघायचं ते बघतं, म्हणते. डाग उजव्या डोळ्याकडेही गेला आहे. तिला बघून मला दर वेळी धक्का बसतो. डागाचा नाही. ती किती सहज मान वर करून चालते, त्याचा.

आमच्या घरी तिच्याशी सगळे नीट वागतात, पण हातचं राखून. पाकीट सापडेना झालं तर सून उगाच थबकते. माझा मुलगा मनाने वाईट नाही, तरी एकदा म्हणालाच, "तिनं काही सांगितलं की एकदा खात्री करून घ्यावी लागते." मी ऐकलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

गेल्या हिवाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी टाळत आलो होतो, पण आता पायरी दिसेना झाली होती. आधी उजवा डोळा केला. त्यासाठी ती पुण्याहून रजा टाकून आली. "तुम्हाला किती वर्षांपूर्वी सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. घरी आलो तर भिंत निळसर. मी रंगाऱ्याला शिव्या घालणार होतो. दोरीवरचा टॉवेल इतका पांढरा की बघवेना. गंमत म्हणून एक एक डोळा झाकून बघायला लागलो. नव्या डोळ्याने टॉवेल दुधासारखा. जुन्या डोळ्याने तोच टॉवेल चहात बुडवून काढल्यासारखा. मी पुन्हा पुन्हा बघितलं. 

ती बाजारात गेली होती. मी कपाटातून डबी काढली, इतकी वर्षं जपून ठेवलेली. खिडकीत बसलो. बिस्किटी आणि चिकू मी सुपारीच्या सकाळी ठरवलेल्या मापात बोटावर घेतले, तिच्या वर्णाच्या जवळ जाणाऱ्या माझ्या मनगटावर लावले. जुन्या डोळ्याने बघितलं. तंतोतंत. पास. नव्या डोळ्याने बघितलं. विटेचा तुकडा घासावा तसा तांबडा पट्टा.

 इतकी वर्षं मी मनात त्या कलत्या उन्हाला दोष देत होतो, गेलेल्या लाईटला, त्या गाडीवाल्याला. ऊन खरं बोलत होतं. मावशी खरं बोलत होती. आणि त्या सकाळी आरशात बघून माझी नात खरं बोलली होती, "जरा तांबूस नाही वाटत?" तिला दिसलं होतं. मला दिसत नव्हतं आणि मी तिला विचारलं होतं, मास्तर कोण.

ती परत आली. थेंब घालायची वेळ झाली होती. मला खाटेवर उताणं झोपवलं आणि माझ्यावर वाकली. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर. नव्या डोळ्याला ते पहिल्यांदाच दिसत होतं, दोन्ही पापण्यांवरचे पांढरे डाग, त्यांच्या कडा, कडांशी तिचा खरा रंग. तो रंग मी कधी बघितलाच नव्हता. मी जुळवत होतो तो दुसराच कोणता तरी.

"वर बघा आजोबा. मिटू नका हं."

शब्द तयार होते. मनात सकाळपासून घोळवले होते. तिने खालची पापणी बोटाने ओढली, थेंब पडला.

"गार आहे," मी म्हणालो.

"फ्रिजमधला आहे. सवय होईल."

आठवडाभर ती रोज तशी वाकायची आणि मी रोज काहीतरी वेगळंच बोलायचो. गाडीला किती गर्दी असेल. पुण्यात थंडी किती असेल. मग ती गेली. आता दुसरा डोळाही झाला, तेव्हा तिला रजा मिळाली नाही. थेंब मी माझे मीच घातले.

हे मुलगा वाचेल. सून वाचेल. वाचू दे. पण त्या खाटेवर वर बघताना जे म्हणायचं होतं ते आधी तिचं आहे, ते असं: पोरी, मला माहीत होतं. पहिल्या रविवारपासून माहीत होतं. तू कुणाला फसवलं नाहीस, त्याला नाही, आईबापांना नाही. ज्या दिवशी तू खरं सांगायला निघालीस त्या दिवशी मी तुला खुर्चीत बसवलं, आणि अंगणात तुझ्या बाजूने एक शब्द बोलायचा होता तो गिळला. तुला तांबूस दिसलं होतं ते बरोबर होतं. माझं चुकलं, बाळ. मला माफ कर.